मादाम ओदिल गार्ड परत देत नाही

दुपारी झोपायचं असतं. हे झोपणंसुद्धा आमच्या खेळातच धरलेलं आहे. सकाळी सराव, मग उकडलेला बटाटा आणि बेचव मासा, मग पडदे ओढून आडवं व्हायचं, आणि संध्याकाळी बर्फावर. झोप येवो न येवो, डोळे मिटून पडायचं. मी पडले आहे. पूर्व फ्रान्समधल्या कुठल्याशा गावातलं हॉटेल आहे, बाहेर डिसेंबर आहे, आणि आज राष्ट्रीय फिगर स्केटिंग स्पर्धेचा शेवटचा दिवस आहे. खुर्चीत बसून आई माझ्या ड्रेसचे सुटलेले मणी शिवते आहे. दोरा ओढल्याचा आवाज येतो, मग येत नाही, मग पुन्हा येतो. माझे स्केटिंगचे बूट पलंगाखाली आहेत, पुसून, पात्यांना कापडी मोजे घालून. उजवा पाय ठणकतो आहे. मी त्याला मनातल्या मनात सांगते, गप पड.

दोऱ्याचा आवाज थांबतो.

"तोंड काय पाडून झोपलीयस गं?" खुर्चीतून कोणीतरी म्हणतं.

खुर्चीत आई नाही. मादाम ओदिल बसली आहे. माझी कोच. मी आठ वर्षांची असल्यापासून परवा परवापर्यंत हिने मला घडवलं, असं वर्तमानपत्रात छापून आलं होतं. ऑक्टोबरमध्ये बर्फाच्या रिंकच्या पार्किंगमध्ये गाडीचं दार उघडता उघडता ती पडली आणि मेली. अंगावर तोच कोट आहे, लोकरी कॉलरचा. हातात माझा ड्रेस आहे आणि ती एकेक मणी दाताने तोडून काढते आहे.

"शर्वाणी, ऊठ."

जिवंतपणी तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता. माझं नावही तिला कधी जमलं नाही, शार्वानी म्हणायची, तेही रागावली असेल तरच. एरवी नुसतं "तू". आणि आता सांगलीच्या एखाद्या मावशीसारखी फाडफाड बोलते आहे. मला त्याचं काही वाटत नाही. उलट बरं वाटतं, निदान अपमान तरी नीट कळेल.

"तुम्ही मेलात ना?" मी विचारते. तोंडावर मी तिला तुम्हीच म्हणते. मनात कधीच म्हटलं नाही.

"मेले म्हणून काय झालं? काल तुझा लुट्झ बघितला. मेलेल्या बाईला लाज वाटली."

लुट्झ ही आमची एक अवघड उडी. काल मी ती घेतली आणि उतरताना बर्फावर हात टेकला. तरीही दुसरी आले. आज पहिल्या दोघींत राहिले तर युरोपच्या स्पर्धेला फ्रान्सकडून जाईन. अकरा वर्षं मी ज्याच्यासाठी बटाटे आणि बेचव मासे खाल्ले, ते हेच.

"काट्यावर चढ," ती म्हणते.

वजनकाटा पंगतीच्या मधोमध ठेवलेला आहे. सांगलीतलं मंगल कार्यालय आहे, माझ्या मामेबहिणीचं लग्न. मी चौदा वर्षांची असताना या लग्नाला खरंच गेले होते आणि मादामने आम्ही राहतो त्या लिऑनहून फोन करून विचारलं होतं की ताटात काय काय आहे. आज ती स्वतःच आली आहे. कोटाच्या बाह्या सरसावून जिलब्या वाढते आहे, प्रत्येकाला आग्रह करकरून. "घ्या हो, एक घ्या, लाजताय काय!" माझ्या पानापाशी येते आणि पुढच्या पानाकडे सरकते. मावश्या माझ्याकडे बघून हसतात. मी काट्यावर उभी आहे, पायाखाली आकडा फिरतो आहे आणि सगळ्या पंगतीला तो दिसतो आहे.

"बघा," मादाम पंगतीला सांगते, "ह्या मांड्या घेऊन हिला हवेत उडायचंय."

"मादाम, पुरे."

"पुरे काय? अजून तर ताक यायचंय."

मला रडू येतं. तिच्यासमोर मी जन्मात रडले नव्हते. ती रडणाऱ्या मुलींना घरी पाठवायची. आता मी रडते तर ती जिलबीचं ताट खाली ठेवते आणि माझा गाल पुसते, हलक्या हाताने. हात बर्फासारखा गार आहे. मग तीच बोटं चाटून म्हणते, "खारट. पाणी कमी पितेस."

तिचा हात माझ्यासमोर पसरलेला आहे, तळवा वर. आम्ही रिंकच्या कठड्यापाशी उभ्या आहोत.

"दे," ती म्हणते.

हे मात्र नेहमीचं आहे. बर्फाबाहेर चालताना आम्ही पात्यांवर प्लास्टिकच्या खोळी चढवतो, त्यांना गार्ड म्हणतात. उघडं पातं सिमेंटवर घासलं की त्याची धार गेली, आणि धार गेली की उडी गेली. म्हणून आमच्यातली कुठलीही मुलगी, घराला आग लागली तरी, उघड्या पात्याने फरशीवर पाऊल टाकत नाही. पहिल्या स्पर्धेत मी उलटं केलं होतं. घाबरून गार्ड न काढताच बर्फावर उतरले आणि पंचांसमोर पालथी पडले. नाकातून रक्त आलं. मादामने रुमालसुद्धा दिला नाही, पण त्यानंतर प्रत्येक स्पर्धेत ती कठड्यापाशी हात पसरून उभी राहायची. "दे." मी वाकून गार्ड काढायचे, तिच्या हातात ठेवायचे. ती पात्यावरून अंगठा फिरवायची, माझ्या मांडीवर एक चापट मारायची आणि म्हणायची, "जा." परत आले की तेच गार्ड हातात घेऊन ती उभी असायची. बाहेर यायचं तर ते तिच्याकडूनच घ्यायला लागायचे. जगात मला कोणाची वाट बघायची सवय असेल तर त्या दोन प्लास्टिकच्या तुकड्यांची.

मी गार्ड देते. चापट बसते.

"जा."

बर्फ पातळ आहे. खाली आमच्या लिऑनच्या स्वयंपाकघराच्या फरश्या दिसतात आणि आईची पाठ दिसते, ओट्याशी उभी. संगीत लागत नाही. फक्त दोरा ओढल्याचा आवाज येत राहतो. मी वेग घेते, डावीकडे झुकते, उडते, आणि वरून पाहते की माझा उजवा पाय खाली बर्फावरच राहिला आहे, बुटासकट. मग मी त्याच्यावर उतरते. टक् असा आवाज होतो.

हा आवाज मी ओळखते. सप्टेंबरमध्ये सरावात असाच आला होता. मादाम मला तिच्या ओळखीच्या डॉक्टरकडे घेऊन गेली होती. त्याने एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि सांगितलं, पायाच्या हाडाला चीर आहे, बर्फ ताबडतोब बंद, नाहीतर हाड पूर्ण मोडेल आणि मग खेळ कायमचा विसरायचा. परतताना गाडीत मादाम म्हणाली होती, "डिसेंबरनंतर बंद. तोवर हे तुझ्या-माझ्यात." मला तेव्हा केवढा अभिमान वाटला होता! हिचं माझ्याशी काहीतरी गुपित आहे म्हणून. मग ती मेली आणि ते गुपित एकटं माझ्याकडे उरलं. नवा कोच थिबो चांगला मुलगा आहे, प्रत्येक गोष्टीला शाब्बास म्हणतो. त्याला काय सांगणार?

मी लंगडत कठड्यापाशी येते. ती उभी आहे, दोन्ही गार्ड कोटाशी घट्ट धरून.

"द्या. मला बाहेर यायचंय."

"कार्यक्रम संपला नाही."

"पाय दुखतोय, मादाम."

"दुखणारच. पाय आहे, पाट नाही." ती गार्ड एकमेकांवर आपटते, टाळ्या वाजवल्यासारखे. "आजचा दिवस काढ. मग बघू."

ही मादामची भाषा नाही, एवढं मला झोपेतही समजतं. हे वाक्य मी तापात ऐकलं आहे, परीक्षेत ऐकलं आहे. पण कोणाचं, ते आठवत नाही.

"मेल्यावर तरी खरं सांगा," मी म्हणते. "आज पाय मोडेल?"

"मोडेल."

"सप्टेंबरमध्ये माहीत होतं तुम्हाला?"

"त्याच दिवशी. तुझ्याआधीच्या मुलींचेही मोडले. एक आता दंतवैद्याकडे फोन उचलते. दुसरी नाताळला कार्ड पाठवते. मी उघडत नाही."

"आणि मी? माझ्याबद्दल तुम्हाला कधी काहीच वाटलं नाही?"

ती विचार करते. खरंच करते, डोकं एका बाजूला कलवून, पूर्वी माझी गिरकी बघताना करायची तसं.

"वाटलं की. तू माझी सगळ्यात चांगली. म्हणून तर सोडत नाही."

हे ऐकायला मी अकरा वर्षं थांबले होते. आणि लाज वाटते सांगायला, पण मला आनंद होतो. पाय फुटतोय आणि मला आनंद होतो! तिला तो दिसतो. ती हसते.

"बघ, अशीच तू. म्हणून तुला निवडलं. पायाचं काही का होईना, पण उघडं पातं सिमेंटवर टेकवायची नाहीस. गार्ड माझ्याकडे आहेत तोवर तू आतच."

"मी सांगेन सगळ्यांना. आपल्या दोघींतलंच आहे हे, आणि तुम्ही आता नाही."

"दोघींतलं?" ती माझ्या खांद्यावरून मागे बघते. "तिघींतलं."

मागे दोरा ओढल्याचा आवाज येतो. मी वळून बघत नाही. एक्स-रे काढणारी बाई असेल तिसरी, असं मी स्वतःला सांगते, आणि ते पटवून घेते.

मग मी कठड्याचं फाटक उघडते. पलीकडे सिमेंट आहे, राखाडी, ओबडधोबड. उजवा पाय उचलते आणि पातं टेकवते. पाटीवर खिळा ओढावा तसा आवाज होतो.

"अगं, पातं!" मादाम किंचाळते. "पातं गेलं ना!"

मी पडले तेव्हा ती कधी ओरडली नव्हती. नाकातून रक्त आलं तेव्हा नाही, टक् आवाज आला तेव्हा नाही. आज ओरडते आहे, मोठ्याने, घरचं कोणी गेल्यासारखी. माझा जीव थंड होतो. मी पातं सिमेंटवर दाबते आणि चालत सुटते, कर्र, कर्र, आणि ती मागून गार्ड पुढे करत धावते आहे, "घे, घे गं, हे घे," पण तिला फाटक ओलांडता येत नाही.

गार वारा लागतो.

मी पलंगावर आहे. पडदा हलतो आहे, बाल्कनीचं दार अर्धवट उघडं आहे. आई खोलीत नाही. पांघरुणाखाली माझ्या उजव्या पायात बूट आहे, नाड्या ओढून बांधलेला. लहानपणी मी झोपेत चालायचे, असं आई सांगते. मी उठून बसते, नाड्या सोडते, बूट मांडीवर घेते. पात्याची कड करवतीसारखी झाली आहे. खाचांमध्ये सिमेंटची पूड भरली आहे.

दार उघडतं. आई हातात चहाचा कप घेऊन येते, इस्त्री केलेला ड्रेस दुसऱ्या हातावर. तिने माझ्यासाठी लिऑनची नोकरी सोडली, पहाटेच्या अंधारात मला रोज रिंकवर पोचवलं, स्वतःच्या आईच्या आजारपणातही सांगलीला गेली नाही कारण माझी स्पर्धा होती. ती पातं बघते आणि कप तिरका होतो.

"हे काय केलंस?"

"आई, माझा पाय मोडलाय." मी पहिल्यांदाच हे मोठ्याने म्हणते. आवाज माझा वाटत नाही. "सप्टेंबरपासून चीर आहे हाडाला. डॉक्टरने बंद करायला सांगितलं होतं. मादामने लपवायला लावलं."

आई दचकत नाही. कप टेबलावर ठेवते, ड्रेस पलंगावर नीट पसरते, एक सुरकुती हाताने काढते.

"माहितीय मला," ती म्हणते. "त्याच संध्याकाळी फोन केला होता त्यांनी. मी म्हटलं, डिसेंबरपर्यंत कळ काढेल ती." ती माझ्याजवळ बसते, केसांवरून हात फिरवते. हात ऊबदार आहे. "आता इथवर आलोय ना, राणी? धार लावणारा खालीच असतो रिंकवर, थिबोला सांगते मी, अर्ध्या तासात करून देईल. आजचा दिवस काढ. मग बघू."

ती हात पुढे करते, तळवा वर.

"दे," आई म्हणते.

मी बूट पोटाशी ओढून घेते. पात्याची पूड माझ्या बोटांना लागते.