शोकेसमधला रिकामा कप्पा

चष्म्याच्या दुकानातल्या वहिनी कुणाशी भांडत नसत. गिऱ्हाइकाने फ्रेमवर फ्रेम काढायला लावल्या तरी त्या हसून आणखी एक पुढे ठेवायच्या. म्हणून त्यांनी धाकट्या दिराची जी गत केली, ती लोकांना आधी खरीच वाटली नाही.

यजमान गेले तेव्हा मागे राहिलं दुकान, सासूबाई आणि कपाटभर गॉगल. सगळे एकाच कंपनीचे, धातूचे, हाताला हलके; काडी मिटताना आवाजसुद्धा नाही. बनवायला परवडत नाहीत म्हणून कंपनीने ते केव्हाच बंद केले होते. यजमान गाशा गुंडाळणाऱ्या दुकानांतून ते शोधून आणायचे, वाकलेल्या काड्या सरळ करत बसायचे. स्वतः एकही घातला नाही. "अगं, घातला की ओरखडा आलाच," म्हणायचे.

ते गेल्यावर दीर एक दिवस मोठी पिशवी घेऊनच आला. "वहिनी, हे भंगार आता कोण बघणार? मी नेतो, तुम्हाला तेवढीच जागा होईल."

वहिनींचं तेव्हा कशातच लक्ष नव्हतं. त्या हो म्हणाल्या.

पुढे दातांचे डॉक्टर नवा चष्मा करायला आले. त्यांनाही याच गॉगलांचा नाद. संग्राहकांच्या मेळाव्याचा व्हिडिओ त्यांनी कौतुकाने फोनवर दाखवला. मधोमध दीर उभा होता. "कॉलेजात असल्यापासून एकेक जमवलाय. काड्या सरळ करायला माझं मीच शिकलो," तो सांगत होता, आणि लोक माना डोलावत होते.

डॉक्टर गेल्यावर वहिनी आत जाऊन ओट्याला हात टेकून उभ्या राहिल्या. नेले ते नेले, विकून खाल्ले असते तरी त्या गप्प बसल्या असत्या. पण ह्यांची हौस, ह्यांच्या बोटांतली कला, सगळंच या माणसाने आपल्या नावावर करून घेतलं होतं.

त्याच सुमारास कुणकुण उठली, की कंपनी ते गॉगल पुन्हा काढणार. कुणी म्हणे, जुन्या कारागिरांना परत बोलावलंय. कुणाला जाहिरातीतल्या एका चष्म्याला तीच बिजागरी दिसली. जुना माल बाळगून असलेल्यांची धावपळ सुरू झाली. नवे आले की जुन्यांना कोण विचारणार? कंपनीचा माल वहिनींच्या दुकानात यायचा, म्हणून जो तो त्यांच्याकडे चौकशीला.

वहिनींना काडीचीही माहिती नव्हती. पण त्या म्हणायच्या, "मला बोलायची परवानगी नाही हो." शोकेसमधला मधला कप्पा त्यांनी रिकामा केला, त्यात मखमल अंथरली. कशासाठी, ते सांगितलं नाही.

दीर धापा टाकत आला. "वहिनी, घरच्या माणसाला तरी सांगा."

"मी काय सांगणार, भावजी? जाणकार तुम्ही. पण भंगार मी तरी घरात फार दिवस ठेवलं नसतं."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. चार दिवसांत त्याने सगळे गॉगल डॉक्टरांच्या गळ्यात मारले, मिळेल त्या भावाने. डॉक्टरांना फिकीर नव्हती. नवे येवोत न येवोत, त्यांना हेच आवडायचे.

मग कंपनीनेच जाहीर केलं: साचे मोडीत निघालेत, ते गॉगल आता होणे नाही.

दीर भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर उभा राहिला. "तुम्ही मुद्दाम केलंत."

"हो," वहिनी म्हणाल्या.

"मागितले असते तर अर्धे दिले असते."

"माझ्या घरातलं मी तुमच्याकडे मागायचं?"

पुढच्या मेळाव्याला वहिनी स्वतः गेल्या. हे गॉगल कुणी जमवले, कुणी दुरुस्त केले, ते दिरासमोर सगळ्यांना सांगितलं. दीर पायांकडे बघत राहिला. डॉक्टर ओशाळून म्हणाले, "वहिनी, परत घेऊन जा सगळे."

"नको. तुम्ही सांभाळाल. फक्त कपाटावर ह्यांचं नाव लावा."

डॉक्टरांनी लावलं.

सासूबाई मात्र विनवत राहिल्या. "आता सोड गं. सख्खा भाऊ होता तो त्याचा."

"म्हणूनच नाही सोडत," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांच्या पानात आणखी भात वाढला.

दीर त्यानंतर मेळाव्याला फिरकला नाही. एकदा बाजारात वहिनी समोरून येताना दिसल्या, तसा तो रस्ता ओलांडून पलीकडे गेला. वहिनी थांबून तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिल्या. त्यांना फार बरं वाटलं, आणि घरी आल्यावर त्यांनी ते सासूबाईंपासून लपवलंही नाही.