पुढच्या सोमवारची खाज

अर्जदार मी, वर्ध्याच्या कचेरीसमोर बसणारा अर्जलेखक. पीडित माझी मुलगी. साक्षीदार तिची आई. नावे मुद्दाम गाळली आहेत.

मुलीच्या डोक्यावर चाई पडली होती. इस्पितळातील नव्या औषधाच्या अभ्यासात तिची निवड झाली आणि टकलावर बारीक केस दिसू लागले. औषध लावल्यावर खाज सुटते काय, हे रोज वहीत लिहायचे होते. रकाना रिकामा राहिला की अर्ज परत येतो, हे मी आयुष्यभर पाहिले आहे. म्हणून महिन्याची वही एकाच बैठकीत सुवाच्य अक्षरात भरून टाकली.

महिना अर्धा असतानाच तपासणी झाली. डॉक्टरीणबाई पाने उलटत म्हणाल्या, "काका, पुढच्या सोमवारची खाज तुम्हाला आजच कळली? अशाने हिला अभ्यासात ठेवता येणार नाही."

पत्नी तिथेच कडाडली, "तुमाले काऊन एवढी घाई होती? पोरीचं औषध बंद करून राह्यल्या ना त्या!"

मुलीने ओढणी डोक्यावर ओढून घेतली.

सबब विनंती की, वही रद्द करावी, मुलीचे नाव रद्द करू नये. लिखाण माझे, दोषही माझाच. तिचे औषध चालू राहील किंवा नाही, याचे लेखी उत्तर मिळावे.