मैदानातला पायी माणूस

बुबुसाराच्या फोटोंत एक पायी माणूस येतो, हे सगळ्यात आधी अब्दिमालिकने बोलून दाखवलं. एरवी तो गप्प बसला असता, पण उलाकचा, घोड्यांवरून मेलेला बोकड पळवायच्या खेळाचा, तो फोटो त्याचा स्वतःचा होता आणि स्वतःच्या फोटोत दुसऱ्या कुणी मिरवलेलं त्याला खपत नसे.

"जेने, हा कोण गं?" त्याने विचारलं. नात्याने तो तिचा चुलत दीर, म्हणून ती त्याची जेने, वहिनी. "मी बोकड मांडीखाली दाबून घोडा फेकलाय, मागे अख्खा जमाव लागलाय, आणि मधे हा ठोंब्या उभा! उलाकच्या मैदानात कधी कुणी पायी उतरतं का? पीठ झालं असतं त्याचं."

"लेन्सला मार बसलाय," बुबुसारा म्हणाली. "एकाचे दोन दिसतात."

"मग दोन अब्दिमालिक दिसायला हवेत. माझी काही हरकत नव्हती. पण हा तर बोडका आहे. एवढ्या थंडीत टोपी न घालता कोण फिरतं?"

तो हसत निघून गेला. बुबुसारा हसली नाही, आणि हे नवलच होतं. ही बाई हसली की शेजारच्या अंगणातल्या कोंबड्या उडतात, असं सगळं कारा-बुलाक गाव म्हणायचं. तिने फोटो खिडकीपाशी नेला. पुसट, धुरकट, उजव्या हाताने डोळ्यांवर आडोसा करून तो माणूस लांब कुठेतरी बघत होता. खांदा एका बाजूला जरा उतरलेला. वर्षानुवर्षं कॅमेऱ्याची बॅग त्याच खांद्यावर वाहिली की तो तसाच उतरतो.

लग्नानंतर बुबुसाराच्या पदरात पडलं काय, तर एक सासू, चार गाई आणि ती काळी बॅग. नवरा तोलोगोन अलायच्या खोऱ्यात फोटो काढत हिंडायचा. लग्नं, शाळेचे वर्ग, उलाकचे सामने, आणि कुणी मागितलेच तर डोंगरातल्या रानमेंढ्यांचे. ती मागून बॅग धरून चालायची. कुठली लेन्स कधी हवी हे त्याने हात पुढे करायच्या आत तिला कळायचं. घोड्यांच्या गर्दीत तिची उंच टाच चिखलात रुतली आणि ती आपटली, तेव्हा तोलोगोनने आधी बॅग उचलली, मग तिला. हे ती वीस वर्षं सगळ्यांना हसून सांगत आली. मनातून तिने त्याला त्यासाठी कधी माफ केलं नाही, आणि प्रेमही त्यामुळे कमी झालं नाही.

मागच्या हिवाळ्याच्या शेवटी तो रानमेंढ्यांच्या मागे वर गेला आणि बर्फाचा कडा खाली आला. गावच्या पुरुषांनी खणलं, तो सापडला नाही. उन्हाळा लागला तेव्हा मेंढपाळांना वितळत्या बर्फात फक्त लांब पल्ल्याची लेन्स मिळाली, तोंडाशी चेपलेली, आत काहीतरी खुळखुळणारी. त्यांनी ती कापडात गुंडाळून, दोन्ही हातांवर धरून आणली. पाळण्यातलं मूल आणावं तशी.

कबर नाही, मग मेलेल्याला खाऊ घालायचं कुठे? गुरुवारी संध्याकाळी कढईत तेल तापवून कणकेचे बोरसोक तळायचे, वास काढायचा, तो वास गेलेल्यांपर्यंत पोचतो, हे आमच्याकडे तान्ह्या पोरालाही ठाऊक असतं. सासू झुराकान म्हणाली, "वास त्याच्यापर्यंत जायचा कसा? त्याला घर सापडायला नको?" म्हणून दोघींनी लेन्स चुलीपाशी ठेवली, दोन्हीकडची झाकणं काढून, तोंड कढईकडे करून. वाफ आत जायची. झुराकान तिच्याशी बोलायची, "खा रे, आज साखर जास्त घातलीय." उन्हाळाभर, शरदभर, एकही गुरुवार चुकला नाही.

आणि पोट तर भरायला हवं, म्हणून शरदात उलाक सुरू झाले तशी बुबुसाराने तीच लेन्स कॅमेऱ्याला लावली. दुसरी लांबची नव्हतीच.

अब्दिमालिक बोलून गेल्यावर तिने सगळे जुने फोटो काढून पाहिले. तो पायी माणूस प्रत्येकात होता. कॅमेरा डोळ्याला लावला की दिसायचा नाही, फोटोत मात्र यायचा. छोट्या लेन्सने काढलेल्या लग्नांत नाही, फक्त या लेन्समधून. घोड्यांत होता, शाळेच्या पत्र्यावर होता, शेजारणीच्या गाभण घोडीमागे होता. सगळीकडे तेवढाच लांब, तेवढाच लहान.

खात्री करायला तिने अंगणात उभं राहून आपल्याच घराच्या पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला. भिंत हाकेच्याही अलीकडे. फोटोत ती भिंत होती, आणि भिंत असायला हवी त्याच्या कितीतरी पलीकडे तो उभा होता, घोट्यापर्यंत बर्फात. ऐन दुपारी, लख्ख उन्हात, बुबुसारा तिथेच शेणाच्या गोवऱ्यांवर बसली.

लपवून ठेवायला हवं होतं. पण झुराकान दारात उभी होती आणि सुनेचा चेहरा वाचण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. म्हातारीने कॅमेऱ्याचा छोटा पडदा डोळ्याशी नेला आणि घाबरली वगैरे मुळीच नाही. तिचा चेहरा नव्या नवरीसारखा फुलला. "आला," ती म्हणाली. "म्हटलं होतं ना, वासावर येईल."

त्या दिवसापासून रोज सकाळी दूध काढून झालं की ती कॅमेरा आणून सुनेच्या हातात द्यायची. "आजचा काढ." बुबुसारा भिंतीचा फोटो काढायची आणि झुराकान मुलाला बघून मगच चहा प्यायची. बुबुसारालाही त्याची चटक लागली होती, हे खोटं कशाला बोला. भीती वाटायची, रात्री पाठ भिंतीला लावून झोपायची, पण एखाद्या दिवशी ढग आले आणि फोटो नीट आला नाही तर दिवसभर चिडचिड करायची.

असा हिवाळा सरला आणि वर्षाचं जेवण जवळ आलं, आश. आश झाली की बायको काळं उतरवते, पांढरा रुमाल बांधते, आणि गेलेला खऱ्या अर्थाने जातो. पाहुणे येणार, उलाक होणार, घोडेस्वार फोटो मागणार. आणि घोडेस्वार तर आता कुरकुरायला लागले होते. कुणालाच आपल्या शेजारी तो माणूस नको होता. एकाने फोटो परत आणून उंबऱ्यावर ठेवला आणि आत न येताच गेला.

मॉस्कोहून धाकटा दीर सेयितबेक फोनवर म्हणाला, "जेने, ती फुटकी लेन्स काय कवटाळून बसलीस? नवीन पाठवतो, आपला माणूस येतोय गावाकडे. जुनी ठेव पेटीत."

झुराकानला हे एकदम पटलं. "नवी धंद्याला, जुनी घराला. ओशला जा, ही दाखवून कुठली मागवायची ते विचारून ये. पण याला कुणाला हात लावू देऊ नकोस, काय? स्क्रू फिरवू देऊ नकोस."

"नाही देत, अपा."

"शपथ घे."

"नाही देत म्हटलं ना!"

शपथ मात्र तिने घेतली नाही. लेन्स छातीशी धरून ती गाडीत बसली, आणि सगळ्या घाटात शेजारचा माणूस तिच्यापासून सरकून बसला होता.

ओशच्या बाजारात पत्र्याच्या डब्यात इस्मत उस्ताचं दुरुस्तीचं दुकान. कॅमेरे, दुर्बिणी, चष्मे, जे काचेचं असेल ते तो उघडायचा. त्याने लेन्स नाकाशी नेली आणि भुवया वर केल्या.

"पोरी, ही लेन्स आहे का कढई? बोरसोकचा वास मारतोय."

बुबुसाराने सांगून टाकलं. बर्फ, गुरुवार, चूल, सगळं. उस्ता हसला नाही. त्यानेही बायकोसाठी तेल तापवलेलं होतं. बॅटरीच्या उजेडात त्याने आत पाहिलं.

"आतलं एक भिंग जागचं हललंय. ते बसवता येईल. पण काचांवर तेलाची वाफ थरावर थर बसलीय. त्याने उजेड फुटतो, एकाचे दोन दिसतात. दिसतंय ना तसं?"

"दोन घोडेस्वार दिसत नाहीत, उस्ता. एक घोडेस्वार आणि एक पायी."

उस्ताने बॅटरी बंद केली. हात पुसले. मग म्हणाला, "मला विचारशील तर नवी घे. ही आहे तशी घरी ने. उघडायची मला हौस नाही, खरं सांगतो."

तेच ऐकायला तर ती आली होती. नवी घ्यायची, जुनी पेटीत ठेवायची. सासू खूश, गिऱ्हाईक खूश, रोज सकाळी भिंतीवर तोलोगोन. उस्ताने लेन्स परत केली ती उलटी, मोठं तोंड तिच्याकडे करून, आणि तिने काही विचार न करता ती तशीच डोळ्याला लावली.

बाजार पार लांब गेला. माणसं जोंधळ्याच्या दाण्याएवढी झाली. सगळ्यावर पिवळट दाट धुकं, कुणाचा चेहरा कळेना. उस्ता हाताच्या अंतरावर बसला होता, पण तोही डोंगरापलीकडे असल्यासारखा. "उस्ता," तिने हाक मारली, आणि तो कुठे आहे हे नीट दिसावं म्हणून डोळे बारीक केले. मग तिच्या लक्षात आलं की आपला मोकळा हात वर गेलाय. कपाळाशी. डोळ्यांवर आडोसा करून.

इतके महिने तिला वाटत होतं की तो बर्फाच्या चकाकीत डोळे झाकून उभा आहे. तसं नव्हतं. तो आतून बाहेर बघत होता. त्याला काही दिसत नव्हतं, घरही नाही, वाटही नाही. आणि ते धुकं त्या दोघींनीच केलं होतं, मायेने, साखर घालून, गुरुवारच्या गुरुवारी.

"उघडा," ती म्हणाली.

"विचार कर. मग तो दिसणार नाही."

"त्याला तर दिसेल ना! उघडा म्हणते ना मी. पुसा सगळं."

उस्ताने दाराला आतून कडी घातली. एकेक काच काढून तो पांढऱ्या कपड्यावर ठेवत गेला आणि दुकानात तळणीचा वास असा भरला की बाहेरून जाणारी दोन माणसं थांबून काय तळताय म्हणून विचारून गेली. बुबुसारा भिंतीकडे तोंड करून बसली. पुसताना कापड काचेवर चिरचिरायचं, तसतशी ती दातावर दात दाबून धरायची. आपण नवऱ्याला घराबाहेर काढतोय, असं तिला वाटत होतं, आणि त्या वाटण्याला काही औषध नव्हतं.

घरी सासू फाटकाशीच उभी होती. तिने लेन्स हातात घेतली, वास घेतला. वास नव्हता. तिने सुनेच्या थोबाडीत मारली, चाळिशी गाठलेल्या सुनेच्या, भर रस्त्यावर. मग आशच्या दिवसापर्यंत ती सुनेशी एक शब्द बोलली नाही, आणि भिंतीचा फोटोही तिने पुन्हा मागितला नाही.

आशला खोरं लोटलं. अंगणात कढया चढल्या, मागच्या माळावर उलाक सुरू झाला. घरची बाई कॅमेरा घेऊन उतारावर उभी राहिली, हे चार बायकांना रुचलं नाही आणि त्यांनी ते तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगितलं. ती फोटो काढत राहिली. लेन्स अशी निघाली होती की घोड्यांच्या नाकपुड्यांतली वाफ मोजून घ्यावी. अब्दिमालिक दोनदा पडला, दोन्ही वेळा छान आला.

पाहुणे जेवायला बसले तेव्हा ती घराच्या पायरीवर टेकली आणि फोटो बघू लागली. नाही. नाही. नाही. बरंही वाटत होतं आणि वाईटही. शेवटच्या काहींत येऊन तिचा अंगठा थांबला.

तो होता. घोड्यांच्या ऐन गर्दीत, इतका स्वच्छ की कोटाच्या कोपरावरचं तिने घातलेलं ठिगळ, त्याचा टाकाही दिसत होता. दोन्ही हात खाली सोडलेले. पाठ तिच्याकडे. तो बर्फाच्या डोंगरांकडे चालला होता. स्वार बोकडावर तुटून पडले होते, कुणाचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. पण घोड्यांनी बाजूला होऊन त्याला वाट दिली होती, सगळ्या घोड्यांनी, माना वळवून. पुढच्या फोटोत तेवढीच रिकामी वाट होती, आणि त्याच्या पुढच्यात तीही मिटली होती.

काहीच दिसणार नाही, याची तिने मनाची तयारी केली होती. चेहरा दिसेल, याचीही. पाठीची केली नव्हती.

"वळून बघायचंस तरी रे एकदा," ती मोठ्याने म्हणाली. वाढणाऱ्या बायका थबकल्या.

झुराकान आली. तिने कॅमेरा घेतला, पडदा डोळ्याशी नेला.

"चाल त्याचीच," ती म्हणाली. "लहानपणापासून असाच. निघाला की निघाला."

तिने सुनेच्या डोक्यावरचा काळा रुमाल सोडला आणि पांढरा बांधला. गाठ पुन्हा पुन्हा सुटत होती. ज्याचं प्रेत मिळालं नाही त्याच्यासाठी विलापगीत गाता येत नाही, गळ्यातून निघतच नाही. त्या घरात वर्षभर कुणी ते गायलं नव्हतं. आता बुबुसारा भिंतीकडे तोंड करून बसली, सासू तिच्या शेजारी बसली, आणि माझा तोलोगोन मेला हो, म्हणून बुबुसाराने पहिला सूर काढला.