जाळी बंद आहे

त्याला सगळे हातोडा म्हणत, आणि ते नाव त्यानं कमावलेलं होतं. लहानपणी घरचा रेडिओ खरखरला की तो त्याला थोबाडीत द्यायचा आणि रेडिओ मुकाट्यानं गाऊ लागायचा. तिथंच सगळं बिघडलं. मारलं की चालतं, हे डोक्यात बसलं ते बसलं. पुढं कॉम्प्युटर दुरुस्तीत त्यानं नाव काढलं, मारामारीपायी नोकऱ्या घालवल्या, आणि लग्न ठरता ठरता होणाऱ्या मेहुण्याचा दात पाडला. एकाच माणसापुढं त्याची मान खाली असायची, ती थोरल्या भावापुढं. बाप गेल्यावर दादानंच त्याला वाढवलं, शिकवलं, आणि दर भांडणानंतर लोकांच्या हातापाया पडून सोडवून आणलं.

दादा पत्र्याच्या कारखान्यात प्रेसवर होता. प्रेसचा वरचा ठोकळा धाडकन खाली यायचा आणि जाड पत्रा कागदासारखा वाकवायचा. दोन कामगारांची बोटं त्यानं आधीच खाल्ली होती. म्हणून हातोडा त्या कारखान्यात लागला तेव्हा त्यानं पहिलं काम एकच केलं. प्रेसपुढं जाळीचं दार बसवलं आणि त्याची तार शेजारच्या कॉम्प्युटरमधल्या एका कार्डाला जोडली. जाळी उघडली की कार्ड कळवणार आणि कॉम्प्युटर प्रेस जागच्या जागी रोखणार.

"दादा, जाळी उघडलीस की प्रेस मेला समज. बिनधास्त हात घाल."

दादानं इतकी वर्षं घातला.

मग तो कॉम्प्युटर म्हातारा झाला. सुटे भाग मिळेनात. साहेबांनी ठरवलं, डबा राहू दे, त्याच्या आतलं सगळं उचलून वरच्या खोलीतल्या सर्व्हरवर न्यायचं. म्हणजे कॉम्प्युटर तोच, पण अंगाशिवायचा. प्रेसला हुकूम आता वरून तारेनं येणार.

पण कॉम्प्युटर असा नुसता उचलून नेता येत नाही. आतल्या प्रत्येक वस्तूशी बोलायला त्याच्यापाशी एकेक छोटा प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. नव्या जागी त्या वस्तूच नसतात, आणि हा वेडा त्यांना हाका मारत बसतो. पहिल्यांदा चालू केला तर पडदा निळा पडला, कारण त्याला त्याची जुनी डिस्क सापडेना. हातोड्यानं शिव्या घालत नवा ड्रायव्हर घातला. आवाजाचे, पडद्याचे मेलेले ड्रायव्हर उपटून काढले. शेवटी गाडं अडलं ते जाळीच्या कार्डापाशी. कार्ड खाली डब्यात, कॉम्प्युटर वर सर्व्हरवर, आणि कार्ड दिसल्याशिवाय प्रेसचा प्रोग्राम उघडायला तयार नाही. जाळीची तार वर नेणारी नवी पेटी दुसऱ्या दिवशी यायची होती. तोवर बाकीचं तपासायला हातोड्यानं एक खोटा ड्रायव्हर लिहिला. प्रोग्राम विचारणार, जाळी कशी आहे? हा ठोंब्या दर वेळी सांगणार, जाळी बंद आहे. प्रेसचा मेन स्विच खाली पाडलेला होता, त्यामुळं तपासणीपुरतं ते चालण्यासारखं होतं.

फोरमन जिना चढून वर आला. "चालू झाला ना? मग प्रेस सुरू करतो."

"उद्या."

"का? सगळं तर बरोबर दिसतंय पडद्यावर."

"उद्या म्हणजे उद्या."

"भावाच्या तुकड्यांवर वाढलेला तू, मला शिकवतोस?"

एक वाक्य पुरलं असतं. ड्रायव्हर खोटा आहे, प्रेसला जाळी दिसत नाही, एवढंच सांगायचं होतं. हातोड्यानं ते सांगण्याऐवजी ठोसा मारला. फोरमनचं नाक फुटलं. तो खाली पडला तर हातोड्यानं छातीवर बसून आणखी दोन हाणले. वॉचमन धावले, त्यांनी त्याला केसांना धरून जिन्यावरून फरपटत खाली नेला आणि फाटकाबाहेर लाठ्यांनी बडवला. बरगडी मोडल्याचं त्याला कळलं, पण तो हसत होता. मेल्याचं नाक फोडलं, याचंच त्याला समाधान.

तेवढ्यात आतून आवाज आला. धाड.

हातोड्याचं हसू गोठलं. फोरमननं स्विच वर केला होता. वॉचमनच्या पोटात डोकं खुपसून तो आत धावला. दादा प्रेसवर उभा होता, पाठमोरा. पत्रा तिरका अडकला होता, आणि दादानं सवयीनं जाळी उघडली.

"दादा! हात काढ!"

त्या धडधडाटात कुणाला काय ऐकू जाणार! हातोड्यानं खांबाशी टेकवलेला घण उचलला आणि प्रेसशेजारच्या कॉम्प्युटरवर घातला. डब्याचा पत्रा फाटला, पंखा उडाला, जाळीचं ते कार्ड तुकडे होऊन पायाशी पडलं. दुसरा घाव घातला. प्रेस थांबेना. कसा थांबेल? कॉम्प्युटर त्या डब्यात होताच कुठं? त्यानंच तर तो वर नेला होता. तिसरा घाव उगारलेला असताना ठोकळा खाली आला.

दादाची किंकाळी धडधडाटावर चढली. ठोकळा वर गेला, पुन्हा उतरला. मग रक्ताळलेलं नाक घेऊन फोरमन धावत आला आणि त्यानं त्याच खांबावरचं लाल बटण दाबलं. प्रेस गपकन थांबला.

दवाखान्यात वहिनीनं हातोड्याला दारातच अडवलं. "बटण कुठं होतं, भावजी?"

"खांबावर."

"आणि तुम्ही कुठं होता?"

"खांबाशीच, वहिनी."

तिनं त्याच्या कानफटात मारली. मग दुसरी, मग तिसरी. तो हात खाली सोडून उभा राहिला. मोडलेली बरगडी ठणकत होती, तरी त्याला वाटत होतं, हिनं थांबू नये.

"पुरे गं," आतून दादाचा आवाज आला. त्याच्या मनगटापुढं नुसती पट्टी होती. "त्याला मारू नकोस." मग त्यानं हातोड्याकडं पाहिलं, आणि खरंच न कळल्यासारखं विचारलं, "जाळी उघडली होती रे मी. मग थांबला का नाही?"