पट्ट्याजवळचा पदर

सांगली संस्थान विलीन झालं आणि पुढच्याच वर्षी, आमच्या शेंगा फोडायच्या कारखान्यात मुंबई सरकारचे कारखाने तपासणारे साहेब येणार, अशी आवई उठली. तोवर सरकार म्हणजे आम्हाला तलाठी नाहीतर फौजदार. मजुराच्या जिवाची चौकशी करणारं सरकार ही मला तरी थापच वाटली.

मी आणि सासूबाई यंत्रात शेंगा टाकायच्या कामावर होतो. हाताच्या अंतरावर इंजिनाचा चामडी पट्टा उघडाच फिरायचा. म्हणून सगळ्या बायका पदर कमरेला घट्ट खोचून, उघड्या डोक्यानं काम करत. घरी माझा पदर जरा ढळला तरी डोळे वटारणाऱ्या सासूबाईसुद्धा! कारखान्यातली ती मोकळीक मला फार आवडायची.

साहेब दारात दिसले आणि सगळ्या बायकांचे हात एकदम कमरेकडं गेले. परक्या, मोठ्या माणसापुढं डोकं उघडं कसं ठेवायचं?

"पदर घे गं," सासूबाई दबक्या आवाजात म्हणाल्या.

मी मनातल्या मनात चरफडत पदर सोडला. डोक्यावर घेणार, तोच तो पट्ट्यात गेला. गळ्याला फास बसला.

"पट्टा उतरवा!" साहेब ओरडले. इंजिनवाल्यानं दांड्यानं पट्टा चाकावरून उतरवला. लुगडं टरकन फाटलं, मी वाचले. साहेब पाठ करून उभे राहिले तोवर सासूबाईंनी मला पोत्यांमागं नेऊन सावरलं.

"बाईचाच निष्काळजीपणा," मालक म्हणाले. "उद्यापासून हिला काम नाही."

सासूबाई मालकाचीच री ओढणार, असं मी धरून चालले होते. पण त्या पुढं झाल्या.

"आवं सायब, तिची काय बी चूक न्हाई. मीच म्हनलं पदर घे. रोज खोचूनच असतोय. आज तुमी आला म्हून सोडला."

साहेब मालकांकडं वळून म्हणाले, "पदर आज ना उद्या सुटणारच. पट्ट्याला जाळी बसेपर्यंत हे यंत्र बंद. आणि या बाईंना कामावरून काढायचं नाही."

मालकांनी मान डोलावली. मला साहेबांचे पाय धरावेसे वाटले.

काम बंद होतं तोवर सासूबाई माझ्या गळ्याला तेल चोळत आणि वर मलाच बोल लावत. जाळी बसली त्या सकाळी मी पुढं निघाले, तर त्यांनी मला मागं ओढलं. पट्टा सुरू झाल्यावर जाळीवर स्वतःचा हात ठेवून ती दाबून पाहिली, हलवून पाहिली. मगच म्हणाल्या, "ये आता."