गणपतमामांचं अर्धं गाऱ्हाणं

आमच्या गावात कॉन्व्हेंट शाळा निघाली ती खाणीमुळे आणि चालली ती गणपतमामांमुळे, असं मी म्हटलं की माझा भाऊ सुदेश हसतो. हसू दे. त्याला आंब्याच्या धंद्यापलीकडे काय दिसतं?

मामा शाळेचे शिपाई. लोखंडाची खाण सुरू झाली, लांबलांबून कामगार आले आणि त्यांच्या पोरांसाठी मंगळूरकडून सिस्टर सेलीन आणखी दोघी सिस्टरना सोबत घेऊन आल्या. ट्रकच्या जुन्या शेडमध्ये फळा टांगला. पण गावातलं एकही पोर तिकडे फिरकेना. ‘बाटवतील’ ही धास्ती. शेड झाडायला ठेवलेल्या तरण्या गणपतला ते बघवेना. त्याने नारळ आणून कोनाड्यातल्या मेरीच्या मूर्तीपुढे ठेवला आणि खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं.

आमच्याकडे घर बांधा नाहीतर होडी पाण्यात लोटा, आधी गाऱ्हाणं. एकाने मागायचं आणि जमलेल्यांनी दर मागण्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. त्या ‘व्हय’शिवाय मागणं देवापर्यंत पोचत नाही. म्हणून मामांनी तिघी सिस्टरना आधी ते दोन शब्द पढवले.

“गे बाय माऊली, ही बायमाणसां लांबसून इली आसत. तेंका यश दी!”

“व्हय म्हाराजा!”

संध्याकाळपर्यंत ही बातमी गावभर झाली. “गाऱ्हाणा घालतत म्हणजे आपलीच माणसां,” म्हणत आजोबांनी माझ्या बाबांना तिथे घातलं. पुढे मीही तिथेच शिकले. दर जूनला शाळा भरायची ती गाऱ्हाण्याने. एकदा बाहेरगावचे एक फादर यावरून नाराज झाले. सिस्टर सेलीन म्हणाल्या, “फादर, तुम्ही आमेन म्हणता, आम्ही व्हय म्हाराजा म्हणतो. वर पोचल्यावर एकच.” फादर पोटभर जेवून गेले.

आता धुळीचं सांगते. खाणीची तांबडी धूळ आमच्या भातावर बसायची, विहिरीत उतरायची, मोजे कधी पांढरे राहू द्यायची नाही. मामा रोज सकाळी वर्ग झाडत आणि दुपारपर्यंत बाकं पुन्हा लाल. सिस्टर सेलीनना त्या धुळीने दमा जडला. शिकवता शिकवता त्या भिंतीला हात टेकून उभ्या राहायच्या. तेव्हापासून मामांनी गाऱ्हाण्यात भर घातली, “माये, ही धूळ दूर कर आणि शाळा पोरांनी भरलेली ऱ्हवांदे!” यावर सगळ्या गावाचं ‘व्हय म्हाराजा’ असं दणदणीत की कौलं हलावीत.

आणि धूळ गेली. खाण बंद पडली, कामगार बिऱ्हाडं उचलून गेले, त्यांच्याबरोबर त्यांची पोरं गेली. गावातली उरलेली पोरं तालुक्याच्या शाळेच्या पिवळ्या बसमध्ये चढली. निवृत्त झालेले मामा तरीही रोज येऊन रिकामे वर्ग झाडायचे. मी माहेरी आले की त्यांना म्हणायची, “मामा, कोणासाठी झाडताय?”

“माझाच गाऱ्हाणा लागला गो,” ते म्हणायचे. “तिना अर्धाच ऐकल्यान.”

मी खूप समजावलं की खाणी अशा बंद होत नाहीत. पण माणसाने एकदा मनात धरलं की धरलं.

यंदाच्या मेमध्ये शाळा कायमची बंद झाली. निरोपाला मी सासरहून, जामसंड्याहून गेले. गोव्यातल्या मठात राहणाऱ्या सिस्टर सेलीनना गाडीतून आणलं होतं. खुर्चीत बसलेल्या, हातात दम्याचा पंप. अंगणात सगळा गाव होता. मला शेवटच्या बाकावरची ती लाल धूळसुद्धा हवीशी वाटत होती, बोटाने तिच्यावर नाव लिहायला.

मामांनी नारळ ठेवला. आवाज आता कापत होता.

“गे मेरीमाऊली, इतकी वर्सां मी तुझ्याकडे धूळ घालवूक मागलंय. मी चुकलंय. ती धूळ परत दी. आमी झाडतलंव. पण माझी पोरांय परत दी!”

आणि ते थांबले.

कोणी ‘व्हय’ म्हणेना. कसं म्हणणार? धूळ गेल्यापासून भात पुन्हा पिकायला लागलं होतं, विहिरीचं पाणी निवळलं होतं. बाबा जमिनीकडे बघत होते. सुदेशही हसला नाही. मामा मूर्तीकडे तोंड करून तसेच उभे, हात जोडलेले. पाठीमागून एक ‘व्हय’ येईल म्हणून थांबलेले.

सिस्टर सेलीननी पंप मांडीवर ठेवला. खुर्चीचे हात धरून त्या उठल्या आणि पुरा श्वास ओढून म्हणाल्या,

“व्हय म्हाराजा!”

मग त्यांना जी खोकल्याची उबळ आली ती किती वेळ थांबेना. मामा त्यांची पाठ चोळत राहिले.