गुरुजींसाठी केलेलं ॲड-ऑन

वसमतच्या बंडूचा धंदा नेमका काय, हे त्याच्या सासऱ्याला अजून धड उमगलेलं नाही. बंडू ईमेलच्या प्रोग्रामला ॲड-ऑन करून देतो. प्रोग्राम मोठ्या कंपनीचा, बंडू त्याला एखादं जास्तीचं बटण बसवतो. कुणाला सही आपोआप टाकणारं, कुणाला बिलाचे मेल वेगळे काढणारं. दुसऱ्याच्या घराला पडवी काढून द्यावी, तशातला प्रकार. मालकाने भिंत हलवली की पडवी खाली, आणि हा मालक बसल्या बसल्या भिंती हलवतो. त्याला अपडेट म्हणायचं. मग जगभरातले लोक बंडूला शिव्या घालतात, आणि बंडू पुन्हा विटा रचायला बसतो. लग्नाआधीपासून हेच चाललंय. चाळिशीच्या आतच गड्याचे डोळे खोल गेलेत.

त्यातली एक पडवी तर फुकटातली होती, घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या. कुरुंद्याच्या अमृतराव गुरुजींची. गुरुजींनी बंडूला चौथीत शिकवलेलं. आता काचबिंदूने त्यांची नजर गेली आहे. मुलगी देवश्री परदेशात. रविवारी फोन करते, पण तिच्याकडे नवरा शेजारी आणि इकडे अख्खी गल्ली शेजारी. मनातलं काही असलं की ती मेलवर लिहिते. वाचून दाखवणारे तयार प्रोग्राम बंडूने लावून पाहिले होते. ते तारीख, पत्ता, जाहिराती सगळं वाचत बसत. म्हणून त्याने गुरुजींपुरतं एक ॲड-ऑन केलं. कीबोर्डवरचं सगळ्यात लांब बटण दाबायचं, की देवश्रीचा नवा मेल तेवढा मराठीत ऐकू येतो.

"शेजारचं कुणी वाचून दाखवील की, गुरुजी," असं बंडूने एकदा म्हणून पाहिलं होतं.

"न्हाई," गुरुजी म्हणाले. "गावाची पत्रं मीच वाचून दाखवली ना इतकी वर्षं? वाचणाऱ्याला समदं कळतं रे. मंग त्याची नजर बदलती. माझीबी बदलायची. मशीनला नजर न्हाई."

बंडूने ते पुन्हा कधी सुचवलं नाही.

यंदा हळद शिजवायच्या दिवसांत अपडेट आलं आणि गुरुजींचं बटण मुकं झालं. नेमकं त्याच आठवड्यात देवश्री फोनवर म्हणाली, "बाबा, मेल केलाय. एकटे असताना ऐका." एवढंच बोलून तिने फोन ठेवला. तेव्हापासून म्हातारा ते बटण दाबत बसला होता. बंडूकडे पैसे देणाऱ्यांचीच चार कामं आडवी पडलेली, पण गुरुजींचा फोन आला, "लेकरा, तुला तकलीफ देऊन राहिलो," आणि त्याला नाही म्हणवेना. चरफडतच त्याने गाडीला किक मारली.

दुपारभर तो गुरुजींच्या माजघरात कंप्युटरला डोळे लावून बसला. बाहेर अंगणात शेजारच्या सखुबाई वाळत घातलेली हळद खालीवर करत होत्या. ऊन कलायला आलं तेव्हा कुठे दुखणं सापडलं. आता तपासून पाहायचं होतं. देवश्रीचा मेल लावून ऐकणं त्याला बराबर वाटेना. म्हणून त्याने स्वतःच्याच नावाने गुरुजींना एक मेल धाडला आणि ॲड-ऑन तेवढ्यापुरतं त्या मेलकडे वळवलं. अशा वेळी तो नेहमी पाढे लिहायचा. आज हाताने भलतंच लिहिलं. गुरुजी हातपाय धुवायला मागे गेले होते, ऐकायला होतं कोण?

त्याने बटण दाबलं. बातम्या द्याव्यात तशा सपाट आवाजात मशीन बोलू लागलं: "माझं आता होत नाही. नीट करायचं, ते मोडायचं, पुन्हा नीट करायचं. गुरुजींना नाही म्हणता येत नाही म्हणून येतो. फार थकलोय."

मागच्या दारात गुरुजी चौकट धरून उभे होते.

बंडूला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "तपासायला लिहिलं होतं गुरुजी. तसं काही न्हाई. बघा, चालून राहिलं आता."

"किती दिवस चालंल?"

"पुढच्या अपडेटपर्यंत."

गुरुजी चाचपडत आले आणि बाजेवर टेकले. मग म्हणाले, "काढून टाक ते. देवश्रीचं तूच वाच."

"अहो, चालतंय की! मी बाहेर जाऊन बसतो, तुमी ऐका."

"बंड्या, वाच."

चौथीतला आवाज होता तो. बंडूने मेल उघडला आणि वाचला. देवश्रीने काय लिहिलं होतं ते इथे सांगणार नाही. ते तिचं आणि गुरुजींचं, आणि नाइलाजाने आता बंडूचं. एका जागी बंडूचा आवाज अडकला. गुरुजींनी त्याला सावरू दिलं, मग हाताने पुढे वाच अशी खूण केली. मशीन अडकलं नसतं. शेवटी गुरुजी एवढंच म्हणाले, "बराबर. मला वाटलंच होतं." बंडूने नजर उचलून त्यांच्याकडे पाहिलं, आणि आपली नजर कशी झाली असेल या विचाराने पटकन खाली घातली. गुरुजींना दिसत नव्हतं, तरी.

तो बाहेर आला तशी सखुबाईंनी कंबर सरळ केली. "काहून रे, एवढा येळ? काय म्हणती आमची देवश्री? बरी हाय ना?"

"मजेत हाय, मावशी," बंडू म्हणाला. "समदे मजेत हायती."

आत गुरुजी खाकरले. बंडूने गाडी चालू केली. ॲड-ऑन त्याने काढून टाकलं होतं, ती कटकट कायमची सुटली होती. खरं तर हलकं वाटायला हवं होतं. पण गाव मागे पडलं तरी आवाज अडकला होता ती देवश्रीची ओळ डोक्यातून हलेना, आणि घरी बायकोने विचारलं तर तिलासुद्धा सांगता येणार नव्हती.